फिजिक्सचे आणि शांतता चळवळीतले सर गेले, स्मृतिसभा करताय? आधी हे वाचा

सर गेले की पहिल्या दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, सगळे हात जोडलेले इमोजी टाकतात, कोणीतरी म्हणतं "आपण काहीतरी केलं पाहिजे", आणि ते काहीतरी म्हणजे शेवटी एक हॉल, हार घातलेला एक फोटो, सात-आठ वक्ते आणि प्रत्येकाच्या तोंडी "सर म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ". ज्या माणसाने आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि शिवाय अण्वस्त्रांविरुद्ध रस्त्यावर उभं राहून पत्रकं वाटली, शिव्या खाल्ल्या, त्याची आठवण एवढ्यावर आटपायची म्हणजे जरा अतीच झालं. पुण्यात अशी मंडळी होऊन गेलीत, अजून आहेत, आणि त्यांचे विद्यार्थी आता स्वतःच पन्नाशी-साठीला टेकलेत, त्यामुळे हे काम आज ना उद्या तुमच्या गळ्यात पडणारच. सतरंज्या उचलण्यापासून सूत्रसंचालनापर्यंत मी अशा कार्यक्रमांत सगळं केलंय, त्या जोरावर लिहितोय.

आधी मुद्द्याचं सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल. अशा सभांमध्ये सरांचे दोन तुकडे होतात. कॉलेजातले सहकारी उठून म्हणतात सर फार छान शिकवायचे, चळवळीचं मला काही माहीत नाही. मग चळवळीतले उठतात आणि म्हणतात सर कायम मोर्चात पुढे, फिजिक्स मात्र आमच्या डोक्यावरून जायचं. दोघंही खरंच बोलतात पण ऐकणाऱ्याच्या हाती अर्धाच माणूस लागतो. आता फिजिक्सचा प्राध्यापक बॉम्बच्या विरोधात जातो तो काय कविता वाचून जातो का, तो गणित मांडून जातो, त्याला आकडा दिसतो आणि आकड्याखाली काय आहे तेही दिसतं. तेव्हा सभा करा, पुस्तिका काढा, लेख लिहा, काहीही करा, त्यात ते गणित आलंच पाहिजे.

हे तुकडे पाडणं आपल्याकडे जुनंच आहे म्हणा. दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या, भांडारकर रोडच्या भागात राहणारा माणूस, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, मग मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत, त्यासाठी डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई जा-ये, जागतिक शांतता परिषदेत काम, अणुऊर्जेवर पैसा ओतण्यापेक्षा सौरऊर्जेकडे बघा असं त्या काळात सांगत होते. १९६६ ला गेले. आज पुण्यात दहा जणांना विचारा, इतिहासकार एवढंच सांगतील, त्यातही ज्यांनी नाव ऐकलंय ते. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत तर तुमच्या-आमच्या सरांचं काय होणार.

रद्दीवाल्याच्या आधी पोचा

पहिल्या पंधरवड्यात घरी फक्त भेटायला जा, कागद मागू नका, बरं दिसत नाही. पण त्याच भेटीत एक सांगून ठेवा, की माळ्यावरचं आणि टेबलाच्या खणातलं काही टाकू नका, आम्ही येऊन बघतो. होतं काय, की बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली असते, मुलगी तीन आठवड्यांची रजा काढून बाहेरून आलेली असते, तिला जागा रिकामी करून द्यायची असते, आणि कागद जातात ते असे, कोणाच्याही वाईट हेतूशिवाय. फोन करायचा तर एक ते चार सोडून, हे पुण्यात सांगायला नको.

लोक गेल्या गेल्या मानपत्रं आणि शालीतले फोटो गोळा करतात. त्यातून काहीही कळत नाही, सगळ्यांची मानपत्रं सारखीच असतात. बघायचं ते लेक्चरच्या वह्या, प्रॅक्टिकलच्या मॅन्युअलमधल्या समासातल्या नोंदी, सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, संपादकांना पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन कॉप्या (छापून न आलेल्या जास्त कामाच्या), बस-रेल्वेची तिकिटं सुद्धा, कारण माणूस कुठल्या तारखेला कुठे होता हे तिकीटच सांगतं. आणि पाठकोरे कागद तर एकही सोडू नका. ती पिढी एकही कागद वाया घालवायची नाही, त्यामुळे एका बाजूला हिरोशिमा दिनाच्या सभेचं हँडबिल आणि पाठीमागे टी.वाय.च्या मुलांसाठी सोडवलेलं ऑप्टिक्सचं गणित असे कागद निघतात, तिसऱ्या ओळीत चूक झालीय म्हणून खोडलंय, कोपऱ्यात दुधाचा हिशोब, आणि हँडबिलावरच्या वेळेवर पेनाने काट मारून साडेपाचचे सहा केलेत. असा कागद मिळाला तर दोन्ही बाजू स्कॅन करा, दोन्ही बाजू शेजारी-शेजारी ठेवून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापा, मी वर ज्याला दोन तुकडे म्हटलं ते तिथे एकाच कागदावर आहेत.

कागद हाताळताना थोडी शिस्त पाळा. फायलीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने राहू द्या, तारखेनुसार लावायची फार इच्छा होते पण आवरा, सरांनी कशाशेजारी काय ठेवलं होतं हीसुद्धा माहिती असते आणि एकदा क्रम मोडला की गेली. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, तो काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरं खातो, लॅमिनेशन तर मुळीच नको. भर पावसाळ्यात गठ्ठे उघडून पसरून ठेवू नका, पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात कसर आणि बुरशी दोन्ही लागतात. कागद ३०० डीपीआयला आणि फोटो ६०० ला स्कॅन करा, फोटोची मागची बाजू पण, तिथे नावं असतात. भाषणांच्या कॅसेट सापडल्या तर आधी वरच्या कडेच्या प्लास्टिकच्या छोट्या खिट्या तोडून टाका म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही, आणि टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल तर घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरला लावायच्या फंदात पडू नका, जाणकाराकडेच द्या.

पत्रांबद्दल एक कायद्याची गोष्ट. सरांना आलेलं पत्र हा कागद म्हणून घरच्यांचा, पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट ज्याने लिहिलं त्याचा, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं चालतो. वाचायला, माहिती घ्यायला हरकत नाही, पूर्ण पत्र छापायचं तर लिहिणाऱ्याला किंवा त्याच्या वारसांना विचारा.

माणसांना काय विचारायचं

सुरुवात मोठ्या नावांपासून करू नका. लॅबमधले मामा अजून असतील तर पहिले त्यांच्याकडे जा, त्यांना सर रोज दिसायचे, प्रिन्सिपॉलना महिन्यातून एकदा. "सर कसे होते हो?" असं विचारलंत की उत्तर येणार "देवमाणूस", संपलं. त्यापेक्षा विचारा, सर चिडायचे कशावर, डबा कुठे बसून खायचे, लॅबमधलं कुठलं यंत्र दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत, निदर्शनाला जायचं असेल त्या दिवशी लेक्चर बुडवायचे का आधी जादा घ्यायचे. या शेवटच्या प्रश्नाला उत्तरं फार चांगली येतात.

काकूंशी बोलायला शक्यतो एखाद्या बाईला पाठवा आणि दोन बैठका धरा, पहिल्या बैठकीत त्या सरांबद्दलच बोलतील, स्वतःबद्दल नाही. दुसरीत पैशाचं विचारा, म्हणजे पगारातून चळवळीला किती जायचं आणि महिनाअखेर कोण निभावायचं, मे १९९८ मध्ये, पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, घरी फोन कसे यायचे, सोसायटीतले लोक बोलायचे बंद झाले होते का. त्या महिन्यात पेढे वाटले जात होते आणि जो माणूस पेढा नको म्हणाला त्याला देशद्रोही ठरायला वेळ लागत नव्हता, हे ज्यांनी बघितलंय त्यांना आठवत असेल. याचं रेकॉर्डिंग नुसतं सरांच्या चरित्रासाठी नाही, पुण्याच्या इतिहासासाठीही लागेल.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा (उन्हाळ्यात लोक कुरकुरतात, दहा-दहा मिनिटांनी थांबा), फोन टेबलावर थेट न ठेवता खाली रुमालाची घडी घाला, सुरुवातीला तारीख, जागा आणि "हे आम्ही जपून ठेवणार, लोकांना ऐकवणार, चालेल ना?" हे बोलून घ्या आणि त्यांचं "हो" रेकॉर्ड होऊ द्या. घरी आल्या आल्या कॉपी दोन ठिकाणी.

तारखा तपासा, नाहीतर अर्थच उलटतो

हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि मला सगळ्यात महत्त्वाचा. एक मोठं उदाहरण देतो. जोसेफ रोटब्लाट, पोलंडचा, जन्म वॉर्साचा १९०८ चा, फिजिक्सचा माणूस, अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या प्रकल्पावर लॉस अलामॉसला होता आणि सोडून आला. आता बरेच जण सांगताना सांगतात की हिरोशिमा बघून त्याचं मन पालटलं. तसं नाहीये. तो १९४४ च्या अखेरीस बाहेर पडला, हिरोशिमा ऑगस्ट १९४५ ला. हिटलर बॉम्ब बनवेल या भीतीने तो या कामात गेला होता, आणि जर्मनांनी तो नाद सोडलाय हे कळल्यावर आपण इथे कशाला म्हणून निघाला. त्याच्या आधी मार्च १९४४ मध्ये एका जेवणाच्या वेळी प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांच्या तोंडून त्याने ऐकलं होतं की या बॉम्बचा खरा रोख रशियावर आहे, तेव्हा रशिया तर दोस्तांच्या बाजूने लढत होता. म्हणजे बघा, तारीख आठ-नऊ महिने पुढे सरकवली की तो पश्चात्ताप झालेला माणूस होतो, आणि जागेवर ठेवली की कारण संपल्यावर काम थांबवणारा माणूस होतो. दोन पूर्ण वेगळी माणसं.

त्याचं पुढचं आयुष्य पण सांगतो कारण तुमच्या सरांच्या टिपणात असंच काहीतरी शोधायचंय. बायको तोला आजारी होती म्हणून १९३९ च्या ऑगस्टअखेर तिला मागे ठेवून तो लिव्हरपूलला परतला, मागून येईल म्हणून, आणि दोन दिवसांत युद्ध सुरू झालं, ती पुन्हा दिसली नाही, ज्यूंच्या कत्तलीत गेली. त्याने परत लग्न केलं नाही. युद्धानंतर त्याने न्यूक्लिअर फिजिक्स वळवलं ते मेडिकलकडे, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या कॉलेजात फिजिक्सचा प्रोफेसर झाला, रेडिएशनचा शरीरावर काय परिणाम होतो हेच काम. १ मार्च १९५४ ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने १५ मेगाटनच्या हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला, त्याची राख जपानी मासेमारी बोटीवर पडली, तर त्या राखेच्या आकडेवारीवरून या माणसाने ओळखलं की हा बॉम्ब नुसता फ्यूजनचा (अणू जुळण्याचा) नाही, शेवटी परत युरेनियमचं फिशन (अणू फुटणं) आहे आणि म्हणून एवढा किरणोत्सर्ग. हे शांततेचं काम की फिजिक्सचं? सांगा वेगळं करून. मग ९ जुलै १९५५ ला लंडनमध्ये अण्वस्त्रांविरुद्धचा रसेल-आइन्स्टाइन जाहीरनामा वाचला गेला त्या पत्रकार परिषदेचा अध्यक्ष तोच. आइन्स्टाइनने सही केली ११ एप्रिलला आणि १८ एप्रिलला ते गेले. १९५७ पासून पगवॉश परिषदा, दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ एका टेबलावर. पहिली परिषद खरं तर दिल्लीला घ्यायचं चाललं होतं, सुएझ कालव्याचं प्रकरण पेटलं आणि ते राहिलं, कॅनडातल्या पगवॉश गावात झाली म्हणून ते नाव. १९९५ चं शांततेचं नोबेल त्याला आणि पगवॉशला मिळून. २००५ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी गेला.

तर आपल्याकडची नेहमीची गडबड म्हणजे "पोखरणच्या वेळी". कुठल्या पोखरणच्या? १८ मे १९७४ की ११ आणि १३ मे १९९८? मध्ये चोवीस वर्षं आहेत. सरळ विचारा, तेव्हा इंदिराबाई होत्या का वाजपेयी, लगेच लागतं. दुसरं, सर अणुबॉम्बच्या विरोधात होते का अणुवीज प्रकल्पांच्याही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जैतापूरच्या आंदोलनामुळे लोक दोन्ही एकच धरतात, पण एकाला विरोध आणि दुसऱ्याला पाठिंबा असे फिजिक्सवाले ढिगाने सापडतात. सरांनी लिहिलेलं काही असेल तर तेच छापा, अंदाजाने काही चिकटवू नका. तिसरं, पदयात्रा. १९९९ मध्ये ११ मे ते ६ ऑगस्ट पोखरण ते सारनाथ पदयात्रा झाली होती, त्यात "सर गेले होते" म्हणजे पूर्ण चालले, चार दिवस चालले की पुण्यातून पाठिंब्याचं पत्र पाठवलं? चार दिवस चालले असतील तर चारच लिहा ना, काही कमी होत नाही.

सभेचा दिवस, जागा आणि फळा

तारीख जयंती-पुण्यतिथीचीच हवी असं काही नाही. ६ ऑगस्ट, हिरोशिमा दिन, सगळ्यांना सुचते आणि बरोबरच आहे, पण त्या आठवड्यात पाऊस, शिवाय ९ ऑगस्टला नागासाकी आणि क्रांतिदिन एकत्र, त्यामुळे कार्यकर्ते तीन ठिकाणी वाटले जातात. त्यानंतर गणपतीचे मांडव पडायला लागतात, की मध्यवर्ती पेठांतली कुठलीही सभा विसरा. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन मला जास्त आवडतो, हवा चांगली, कॉलेज चालू, मुलं येतात. ११ मे हा सरकारी तंत्रज्ञान दिन आहे, १९९८ च्या चाचण्यांच्या आठवणीचा, तर त्याच दिवशी मुद्दाम सरांची सभा घेण्यात एक गंमत आहे, पण मुलं सुट्टीवर आणि ऊन मरणाचं.

जागेसाठी नवी पेठेत गांजवे चौकातलं एस. एम. जोशी फाउंडेशनचं सभागृह किंवा शेजारचं पत्रकार भवन, पर्वती पायथ्याचं साने गुरुजी स्मारक, कोथरूडचं गांधी भवन, अशा सभांना पुणेकरांचे पाय आपोआप तिकडेच वळतात. पण जमलं तर कॉलेजातच घ्या, सरांच्याच लेक्चर हॉलमध्ये, कारण फळा तिथे आहे आणि तुम्हाला फळा लागणार आहे.

वक्ते तीन, फार तर चार, आणि प्रत्येकाला विषय लिहून द्या. "सरांच्या आठवणी" हा विषय होत नाही. "सर विद्युत-चुंबकत्व कसं शिकवायचे" हा विषय आहे, "१९९८ च्या मे महिन्यात सरांनी काय काय केलं" हा विषय आहे. अध्यक्षीय भाषण काढून टाका, अध्यक्षांना सुरुवातीलाच बोलू द्या, ते तसेही तेच बोलतात. कबुतरं सोडणे, दिव्यांची रांगोळी, हे नको हो प्लीज.

आता फळा. सरांचा एखादा जुना विद्यार्थी, शक्यतो अजून शिकवत असलेला, त्याला वीस मिनिटं द्या आणि सांगा की सर मांडायचे तसं गणित मांड, स्लाइड नको, खडू. मी सुचवतो ते गणित असं: हिरोशिमाच्या बॉम्बची ताकद साधारण १५ किलोटन, म्हणजे १५ हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी. एक किलोटन म्हणजे ४.१८ गुणिले दहाचा बारावा घात इतके ज्यूल, पंधराने गुणलं की सुमारे ६.३ गुणिले दहाचा तेरावा. आता ई बरोबर एमसी वर्ग (ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग), तर एम काढायला त्याला ९ गुणिले दहाच्या सोळाव्या घाताने भागा. उत्तर येतं ०.०००७ किलो, म्हणजे ०.७ ग्रॅम. इथे थांबायचं आणि लक्ष्मी रोडवरच्या सराफाच्या जुन्या मापात सांगायचं: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे गुंज ०.१२ ग्रॅमची. बॉम्बमध्ये युरेनियम ६४ किलो होतं, त्यातलं फुटलं एक किलोहूनही कमी, आणि वस्तुमान म्हणून जे प्रत्यक्ष नाहीसं झालं ते सहा गुंजाही भरत नाही, मासाही पुरा नाही. त्याच्या खाली १९४५ अखेरपर्यंत मेलेल्यांचा हिरोशिमाचा अंदाज लिहायचा, सुमारे १,४०,०००. लालबिल खडू वापरायची गरज नाही, पांढराच ठेवा.

वेळ उरला तर शेजारी साखळी प्रक्रिया, म्हणजे एक अणू फुटला की तो पुढचे फोडतो ती. एकाचे दोन, दोनाचे चार, असे ऐंशी वेळा दुप्पट केले की अणूंची संख्या जवळजवळ अर्धा किलो युरेनियमएवढी होते, आणि एका दुपटीला लागतो सेकंदाचा दहा कोटीवा भाग, तर ऐंशी दुपटी एका मायक्रोसेकंदाच्या आत. शेवटच्या काही दुपटींतच बहुतेक सगळी ऊर्जा बाहेर पडते हे अकरावीच्या मुलाला सुद्धा फळ्यावर दिसतं, आणि मग "थांबवता येईल की मध्येच" म्हणणारे काका गप्प बसतात.

हॉलच्या मागच्या भिंतीला पुण्याचा मोठा नकाशा लावा, साधा छापील, आणि शनिवारवाडा मध्य धरून कंपासने १.६ किलोमीटरचं वर्तुळ काढा, हिरोशिमात साधारण तेवढ्या त्रिज्येत सगळं जमीनदोस्त झालं होतं. कसबा, शनिवार, नारायण, बुधवार, मंडई, लक्ष्मी रोडचा बहुतेक भाग आत येतो, रास्ता पेठेतलं केईएम हॉस्पिटल आणि डेक्कन काठावर, ससून हॉस्पिटल जेमतेम बाहेर. हिरोशिमातले बहुतेक डॉक्टर-नर्स पहिल्याच दिवशी मेले किंवा जखमी झाले होते, ते वाक्य ससूनच्या शेजारी बारीक अक्षरात लिहा. लोक आपलं घर शोधतात, शोधू द्या, चहा तिथेच ठेवा. कोणीतरी विचारणारच की आताचे बॉम्ब दसपट मोठे तर वर्तुळ दसपट का? नाही, धक्क्याच्या लाटेची त्रिज्या ताकदीच्या घनमुळाने वाढते, आठपट ताकदीला त्रिज्या दुप्पट. हे उत्तर नकाशाशेजारी उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकाला पाठ पाहिजे, नाहीतर सरांच्या सभेत चुकीचं फिजिक्स सांगितलं जाईल, त्याहून वाईट काय.

हॉलचं बजेट नसेल किंवा नुसतं जुन्या बॅचने भेटायचं असेल तर सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी जमा, आधी परवानगीचं विचारून. ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं. ते ओकायामा शहर २९ जून १९४५ ला साध्या आग लावणाऱ्या बॉम्बनी जाळलं गेलं होतं, मूळ बागेचंही तेव्हा नुकसान झालं, मग लोकांनी परत उभी केली. लोक तिथे प्री-वेडिंग शूटला जातात आणि हे कोणालाच माहीत नसतं.

ज्यांचं सरांशी पटायचं नाही त्यांना पण बोलवा

१९९८ ला सरांशी कडाडून भांडलेला एखादा सहकारी असतोच, बॉम्ब पाहिजेच म्हणणारा. त्याला बोलवा, दहा मिनिटं द्या. तो सरांचा युक्तिवाद तुमच्या कार्यकर्त्यांपेक्षा नीट सांगतो, कारण त्याने तो खोडायचा प्रयत्न केलेला असतो. आयोजकांपैकी निम्मे याला घाबरतात, वाद होईल म्हणतात. होऊ दे की, सर काय वादाला घाबरायचे का. फक्त सूत्रसंचालक खमका पाहिजे, आणि काकू पहिल्या रांगेत बसणार असतील तर त्यांना आधी विचारा, त्या नको म्हणाल्या तर नको.

तसंच सरांचे दोष. शांततावादी माणूस घरात शांत असतोच असं नाही, व्हायव्हाला मुलांना रडवणारे होते तर ते आलं पाहिजे, चळवळीतल्या फुटीत त्यांची बाजू चुकली असं कोणाला वाटत असेल तर तेही. "ऋषितुल्य" शब्द ज्याच्या भाषणात येईल त्याच्याकडून चहाचे पैसे घ्यायचे असं आम्ही एकदा ठरवलं होतं, गंमत म्हणून, पण भाषणं खरंच सुधारली.

नंतरचं

पुस्तिका छोटी काढा, पानं सोळाच्या पटीत ठेवा म्हणजे छपाईत कागद वाया जात नाही, आठवणी कमी आणि सरांचं स्वतःचं लिखाण जास्त. स्कॅन केलेलं सगळं इंटरनेट आर्काइव्हवर मोफत चढवता येतं, फाइलला नाव मराठीत आणि वर्ष घालून द्या. विकिपीडियावर लेख करायचा असेल तर लक्षात घ्या की तिथे तुमच्या आठवणी चालत नाहीत, छापून आलेले स्वतंत्र संदर्भ लागतात, त्यामुळे जुन्या पेपरांची कात्रणं आधी जमवा, नसतील तर नाद सोडा, उडवतात. पुस्तकं लायब्ररीला द्यायची तर आधी यादी करून पाठवा, टेम्पो भरून दारात नेऊन उभा करू नका, त्यांच्याकडे जागा नसते आणि मग समासात नोंदी असलेली प्रत सुद्धा गठ्ठ्यात जाते. नोंदी असलेली पुस्तकं वेगळी काढून ठेवा.

दरवर्षी स्मृतिव्याख्यान ठेवू असं सगळ्यांना वाटतं. पहिल्या वर्षी हॉल भरतो, तिसऱ्या वर्षी आयोजकच खुर्च्यांवर बसतात. त्यापेक्षा जमलेल्या पैशातून कॉलेजकडे देणगी ठेवून व्याजातून एक बक्षीस सुरू करा, फिजिक्सच्या मुला-मुलींसाठी, आणि अट अशी घाला की एखाद्या सार्वजनिक प्रश्नातलं एक गणित मराठीत दोन पानांत मांडायचं, मग ते रेडिएशनचं असो, नदीच्या पुराचं असो नाहीतर दिवाळीच्या फटाक्यांच्या आवाजाचं. परीक्षकांत एक फिजिक्सचा आणि एक चळवळीतला ठेवा, दोघांना एकत्र बसवून निकाल लावायला सांगा. खर्चाचा हिशोब ग्रुपवर टाकून मोकळे व्हा, चहाच्या बिलासकट. आणि बक्षीस रोख द्या, ट्रॉफी नको, हॉस्टेलवर ठेवायला जागा नसते.